हिरवळ आणि तांबडी माती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घर विकत घेणाऱ्या गृहस्थाला घराबरोबर एक व्रतहि पतकरावें लागतें. घरापुढील मोकळ्या जागेंत गवत असलेंच पाहिजे, तें एका जातीचें व एका उंचीचें असलें पाहिजे, आणि वर्षांतून होतां होईल तितके महिने तें हिरवें दिसलें पाहिजे, असें हें व्रत आहे. तें गवत कोणतेंहि जनावर खात नाहीं. तें वाळवून कोणी गंजी रचीत नाहीं. कापलेलें गवत तेथेंच कुजूं देतात, नाहीं तर पोत्यांत भरून घालवून देतात. वैरणीच्या एका पेंढीसाठीं ज्यानें कोसभर पायपीट केली आहे अशा आमच्याकडील शेतकऱ्यास हा खटाटोप चमत्कारिक वाटेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें केवळ हंसून तो विषय सोडून देणें बरें नव्हे. २००५ सालीं क्रिस्तिना मिलेसी व त्यांचे सहकारी यांनीं उपग्रहांवरून मिळालेल्या माहितीच्या आधारें असा अंदाज प्रसिद्ध केला, कीं घरें, बागा, क्रीडांगणें वगैरे मिळून त्या देशांत सुमारें १,६३,००० चौरस किलोमीटर भूमि अशा राखलेल्या गवताखालीं आहे. आपल्या महाराष्ट्र राज्याच्या निम्म्याहून अधिक भरेल एवढें हें क्षेत्र! पाणी देऊन काढलेलें कोणतेंहि एक पीक तेथें इतकी जागा व्यापीत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही त्या अवाढव्य देशाच्या एका पट्ट्यापुरतेंच बोलणार आहों. अॅपलेशियन पर्वताच्या पूर्वेकडील पायथ्यापासून समुद्रकांठच्या सपाट प्रदेशापर्यंत, व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलिना, जॉर्जिया व अलाबामा या संस्थानांतून जी उंचसखल भूमि पसरली आहे तिला पीडमॉण्ट म्हणतात. येथील माती तांबडी व चिकण. उन्हाळा उष्ण आणि दमट. रिचमंड, रॅले, शार्लट, अटलांटा हीं शहरें याच पट्ट्यांत किंवा त्याच्या कडेला वाढलीं, आणि गेल्या कांहीं दशकांत मराठी कुटुंबेंहि तेथें घरें करून राहूं लागलीं आहेत. हिरवळीचें व्रत येथें जितकें कठीण आहे तितकें तें इंग्लंडांत कधींच नव्हतें. बीबियाण्यांच्या दुकानांत महिनेवार कर्तव्यांचें पत्रक मिळतें: अमुक महिन्यांत चुना घाला, अमुक महिन्यांत जमिनीला भोकें पाडा, अमुक महिन्यांत खताला हात लावूं नका. काय करावें तें पत्रक सांगतें. तें कां करावें लागतें याचें उत्तर त्यांत नसतें. आमच्या समजुतीप्रमाणें तें उत्तर इतिहासांत आहे. या लोकांनीं परक्या हवेंतील गवत, आधींच्या पिढ्यांनीं वरचा थर घालवून टाकलेल्या जमिनीवर, भर उन्हाळ्यांत हिरवें ठेवण्याचा हट्ट धरला. आणि पत्रकांतील एकेक काम हा त्या जुन्या देण्याचा एकेक हप्ता आहे.

हट्ट मूळचा इंग्रजांचा. त्यांच्या बेटावर बाराहि महिने थोडाथोडा पाऊस पडतो, उन्हाळा सौम्य असतो व हिंवाळाहि बेताचाच असतो. तेथें गवत न लावतां उगवतें, आणि मेंढ्यांनीं चरून खुरटें केलेलें कुरण आपोआपच गालिच्यासारखें दिसतें. अठराव्या शतकांत उमरावांनीं आपल्या वाड्यांभोंवतीं अशीं कुरणें मुद्दाम राखलीं. धान्य पिकण्याजोगी जमीन नुसत्या शोभेसाठीं गुंतवून ठेवणें हेंच वैभवाचें लक्षण होतें, आणि लांब दांड्याचे विळे चालविणारे गडी पदरीं असल्यावांचून तें साधण्यासारखें नव्हतें. १८३० सालीं ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड गांवाजवळ एडविन बडिंग यानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्या भागांत लोंकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरील लव कातरणारें फिरत्या पात्यांचें यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. हिरवळीला गालिच्याची उपमा कवींनीं कितीहि दिली असली, तरी तिचें यंत्र मात्र खरोखरच कापडाच्या गिरणींतून आलें.

अमेरिकेंतील दक्षिणेकडच्या मळेवाल्यांनीं ही शोभा उचलली ती यंत्राच्याहि आधीं. जॉर्ज वॉशिंग्टन याच्या माउंट व्हर्नन येथील घरापुढें हिरवळ होती. ती राखणारे हात गुलामांचे होते. टॉमस जेफर्सन या बाबतींत अधिक डोळस होता. त्यानें १७८६ सालीं इंग्लंडांतील उद्यानें स्वतः हिंडून पाहिलीं होतीं, आणि तीं त्याला मनापासून आवडलींहि होतीं. परंतु १८०६ सालच्या एका पत्रांत त्यानें स्पष्ट लिहिलें आहे, कीं इंग्लंडांत ऊन अल्प म्हणून उघड्या माळाची शोभा तेथें परवडते. व्हर्जिनियांत सूर्य सदोदित व जवळजवळ माथ्यावर तळपत असल्यामुळें येथें सावली हाच स्वर्ग होय. यास्तव उंच झाडें ठेवून त्यांच्या खालच्या फांद्या छाटाव्या व मोकळेपणाचा नुसता भास करावा, असा उपाय तो सुचवितो. हवेची परीक्षा करून मग शोभेचा विचार करणारीं अशीं माणसें थोडीं. पुढील पिढ्यांनीं त्याच्या घराचे खांब व घुमट यांची नक्कल पुष्कळ केली. ही गोष्ट मात्र कोणी मनावर घेतली नाहीं.

सामान्य माणसाच्या घरापुढें गवत नव्हतेंच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दक्षिणेकडील खेड्यांतून, काळ्यांच्या आणि पुष्कळ गोऱ्यांच्याहि घरांपुढें, झाडून लखख केलेलें मातीचें अंगण असे. डॉगवुडसारख्या झाडाच्या फांद्या बांधून खराटा करीत व त्यानें अंगण झाडीत. मातीवर खराट्याच्या रेघा उमटलेल्या राहात. गवताची एखादी काडी उगवलीच तर ती उपटून टाकीत. अंगण उघडें असल्यानें साप दुरून दिसे, उंदरांना आसरा मिळत नसे, आग लागल्यास ती घरापर्यंत येत नसे. स्वयंपाक, धुणें, मुलांचे खेळ व शेजाऱ्यांच्या गप्पा असें घरांतील निम्में जीवन त्या अंगणांत चाले. ही चाल पश्चिम आफ्रिकेंतून आणलेल्या लोकांनीं आपल्याबरोबर आणली, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. मराठी वाचकाला त्यांत परकें असें कांहींच वाटणार नाहीं. सडा व रांगोळी तेवढी वगळली तर हें अंगण आपलेंच आहे. त्याच्या अंगीं दोषहि होता. उतारावरील उघडी माती पावसाबरोबर वाहून जाते, हें कोणालाहि सांगावयास नको. परंतु तें मोडलें तें या दोषामुळें नव्हे. श्रीमंताच्या दारीं गवत आणि गरिबाच्या दारीं माती असें समीकरण एकदां रूढ झाल्यावर ज्याच्याजवळ चार पैसे आले त्यानें प्रथम खराटा टाकला आणि गवताचें बीं आणलें.

तें बीं पडलें कशावर हें आतां पाहूं. या भूमीच्या इतिहासांतील हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि सर्वांत शोचनीयहि. युरोपीय लोक आले तेव्हां येथील दाट अरण्याखालीं पालापाचोळा कुजून झालेली भुसभुशीत, काळसर माती होती व तांबडी चिकण माती तिच्या खालीं दडलेली होती. त्यांनीं अरण्य तोडून तंबाखू लावली, नंतर कापूस लावला. दोन्ही पिकें जमीन उघडी ठेवणारीं व तिचा कस ओढणारीं. वर्षाकांठीं सुमारें पन्नास इंच पाऊस, तोहि आपल्याकडच्याप्रमाणें चार महिन्यांत न पडतां वर्षभर विखुरलेला, जमीन उताराची, नांगरट उताराला धरून, आणि राबणारा गुलाम किंवा पुढें खंडकरी कूळ, ज्याला जमिनीची काळजी घेण्याचें कांहींएक कारण नव्हतें. शेत थकलें म्हणजे मालक तें टाकून पश्चिमेकडे नवें अरण्य तोडावयास जाई. नाहीं म्हणावयास जेफर्सनचा जांवई टॉमस मान रँडॉल्फ याच्यासारखे कांहीं शहाणे समपातळींत नांगरीत. पण असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

१९०५ सालीं ह्यू हॅमंड बेनेट नांवाचा एक तरुण सरकारी भूमापक व्हर्जिनियांतील लुइझा परगण्यांत मातीची पाहणी करीत होता. जमिनी नापीक कां झाल्या याचा शोध करण्याचें काम त्याच्याकडे होतें. तेथें एका बाजूस कधीं न नांगरलेली वनराई आणि तिला लागूनच जुनें शेत, असे दोन तुकडे त्याला दिसले. उतार तोच, मूळ खडक तोच. परंतु वनांतील माती मऊ, ओलसर, हातानें उकरतां येण्याजोगी, आणि शेतांतील माती कठीण, घट्ट व तांबडी. शेताची माती निराळ्या जातीची नसून त्याच मातीचा वरचा थर नाहींसा झाला आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें. मोठ्या घळी सर्वांना दिसत. परंतु दर पावसाबरोबर पापुद्र्यासारखा निघून जाणारा थर कोणाच्याच हिशेबीं नव्हता. बेनेट स्वतः उत्तर कॅरोलिनांतील एका कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यानें पुढील सारें आयुष्य या एका गोष्टीच्या प्रचारास वाहिलें, आणि १९३५ सालीं मृदसंरक्षणाचें जें केंद्रीय खातें स्थापन झालें त्याचा तो पहिला प्रमुख झाला. सोलापूर, अहमदनगरकडे ताली व बांधबंदिस्ती यांचीं कामें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस त्याचें म्हणणें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलज्ञानें १९७४ सालीं असा हिशेब मांडला, कीं या सबंध पट्ट्यांतून सरासरी सुमारें सात इंच माती वाहून गेली आहे. सात इंच! गवताच्या मुळ्यांना मुख्यतः लागतो तो एवढाच थर.

तेव्हां आज शार्लट किंवा अटलांटा येथील घरमालक ज्या मातीला दूषणें देतो ती या भूमीची वरची माती नव्हेच. ती तिची आंतील कूस आहे, कापसानें उघडी पाडलेली. जें कांहीं थोडेंबहुत वर शिल्लक असेल तें घर बांधणारा ठेकेदार खरवडून नेतो. त्याचीं अवजड यंत्रें महिनोन्महिने त्यावरून फिरतात. आणि घर तयार झालें म्हणजे त्या ठेंचून घट्ट झालेल्या जमिनीवर बोटभर माती व गवताच्या गुंडाळ्या पसरून तो निघून जातो. घर हातीं येतें तेव्हां सारें हिरवेंगार असतें. दुसऱ्या उन्हाळ्यांत खरी स्थिति उघडकीस येते.

ही चिकण माती आमच्या दख्खनच्या काळ्या मातीहून वेगळी आहे. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे ती आपली आपणच मशागत करून घेते. तांबडी माती फारशी फुगत नाहीं कीं फारशी आकसत नाहीं. ओली असतांना तिच्यावर पाऊल पडलें कीं ती दबते, आणि वाळली कीं विटेसारखी होते. आपल्या शेतकऱ्याचा वाफसा हा शब्द येथें फार उपयोगी पडतो: वाफशावर नसतांना या मातीला हात लावला तर केलेलें काम उलट बाधतें. भुसभुशीत करण्यासाठीं कांहीं लोक तिच्यांत वाळू मिसळतात. चिकण माती आणि थोडी वाळू यांचें मिश्रण भिंतीला चांगलें, मुळ्यांना नव्हे. दुसरे कांहीं लोक जिप्सम टाकतात. आमच्याकडे कालव्यांच्या पाण्यानें चोपण झालेल्या जमिनीस जिप्समनें गुण येतो, कारण तेथें दोष सोडियमचा असतो. पीडमॉण्टच्या मातींत तो दोषच नाहीं, मग औषध कशावर चालावें? खरा उपाय कंटाळवाणा आहे. पोकळ दाभणांच्या यंत्रानें जमिनींतून बोटभर लांबीच्या पुंगळ्या उपटून काढाव्या, त्या भोकांत कुजलेलें खत जाऊं द्यावें, पानें व कापलेलें गवत तेथेंच जिरवावें, आणि हें वर्षानुवर्षें करावें. अरण्यानें जें काम शेंकडों वर्षांत केलें होतें तेंच हा घरमालक शनिवार-रविवारीं भाड्याच्या यंत्रानें करूं पाहतो.

चुन्याचीहि अशीच एक कथा आहे. या भागांतील माती पावसानें धुपून आम्ल झालेली असते, आणि आम्ल मातींत घातलेलें खत गवताला नीटसें लागत नाहीं. हें अमेरिकेंत प्रथम पद्धतशीरपणें दाखविलें तें एडमंड रफिन या व्हर्जिनियांतील जमीनदारानें. शेत नापीक झालें म्हणून विकून जाण्याच्या बेतांत असतां त्यानें जमिनींतील जुन्या शिंपल्यांची चुनखडीमिश्रित माती खणून शेतांत पसरली व पीक वाढलेलें पाहिलें. १८३२ सालीं त्यावर त्यानें ग्रंथ लिहिला. त्या मातीच्या गाड्या भरणारे आणि ओढणारे गुलाम होते, आणि गुलामगिरीचा रफिनइतका कडवा कैवारी दुसरा शोधून सांपडणार नाहीं. १८६१ सालीं समटर किल्ल्यावर प्रथम तोफा डागणाऱ्यांत हा म्हातारा हजर होता. १८६५ सालीं दक्षिणेचा पराभव झाल्यावर त्यानें स्वतःला गोळी घालून घेतली. शरद ऋतूंत मातीची परीक्षा करवून चुन्याचीं पोतीं आणणाऱ्या सद्गृहस्थाला हें नांव बहुधा माहीत नसतें. मातीचें आरोग्य ज्याला कळलें त्याला माणसांविषयींचा न्याय मात्र कळला नाहीं, हा योग आम्हांस मोठा विलक्षण वाटतो.

मध्यमवर्गाच्या घराघरांतून हिरवळ पसरली ती यादवी युद्धानंतर. १८७० सालीं फ्रँक स्कॉट यानें उपनगरांतील लहान घरांच्या बागांसंबंधीं एक मोठें पुस्तक प्रसिद्ध केलें. शेजाऱ्याशेजाऱ्यांमध्यें कुंपण घालूं नये, सर्वांच्या हिरवळी एकमेकींस लागून असाव्या, आपली शोभा दुसऱ्याच्या नजरेआड करणें अनुदारपणाचें आहे, असा त्याचा उपदेश होता. उपदेश उदार खरा. पण कुंपण गेल्याबरोबर माझें गवत हें शेजाऱ्याच्या दृष्टीचा विषय झालें, आणि तें वाढूं देणें हा शेजारधर्माचा भंग ठरला. १९४७ पासून लेव्हिट कंपनीनें न्यूयॉर्कजवळ हजारों घरांची वसाहत उभारली, तेव्हां आठवड्यांतून एकदां गवत कापलेंच पाहिजे अशी अट तिनें रहिवाशांना घातली. हौस होती ती करारांतील कलम झाली. पुढें घरांतील हवा थंड करण्याचीं यंत्रें सर्वत्र झालीं, उत्तरेकडील लोक दक्षिणेंत येऊं लागले, आणि त्यांच्याबरोबर थंड प्रदेशांतील गवताची आवडहि आली.

येथें गवताच्या प्रकृतीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ब्लूग्रास, फेस्क्यू वगैरे थंड हवेचीं गवतें युरोपांतून आलेलीं. पंधरा ते चोवीस अंश उष्णमानांत तीं उत्तम वाढतात. त्याहून फार ऊन झालें कीं त्यांचें अन्न तयार करण्याचें कार्य मंदावतें, मुळ्या आंखडतात, आणि साठविलेल्या पुंजीवर तीं कसाबसा उन्हाळा काढतात. अशा वेळीं खत घालणें म्हणजे आजाऱ्याला मेजवानी देणें. याच्या उलट उष्ण देशांतील गवतें तिशीच्या पुढेंहि जोमानें पसरतात, पण पहिल्या हिंवाबरोबर पिंगट होऊन एप्रिलपर्यंत झोंपतात. पीडमॉण्ट या दोहोंच्या सीमेवर आहे. उन्हाळा पहिल्यांना मानवत नाहीं, हिंवाळा दुसऱ्यांना. कोणतेंहि लावा, वर्षांतील कांहीं महिने घरमालक असंतुष्टच राहावयाचा.

त्यांत दमटपणा. फ्रेडरिक टेलर हें नांव कारखान्यांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. हातांत घड्याळ घेऊन कामगारांच्या हालचाली मोजणारा तो हाच. आयुष्याच्या अखेरीस फिलाडेल्फियांतील आपल्या बागेंत तो गवत उगवण्याचे प्रयोग तितक्याच काटेकोरपणें करीत असे. १९१४ सालीं त्याच्या त्या गवतांत वाटोळे पिंगट डाग पडलेले दिसले. हा एका बुरशीचा रोग होता. रात्रीचें उष्णमान वीस अंशांच्या वर राहिलें आणि पातें दहाबारा तास ओलें राहिलें म्हणजे ही बुरशी फोफावते. जॉर्जियांत जून ते ऑगस्ट बहुतेक रात्री अशाच असतात. पाणी पहांटे द्यावें, संध्याकाळीं देऊं नये, हा पत्रकांतील नियम यावरूनच निघाला. वेळेचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या टेलरच्याच बागेंत ती ओल वेळ साधून शिरली! तिच्यावर प्रथम आपल्या द्राक्षबागाइतदारांच्या नेहमींच्या परिचयाचें बोर्डो मिश्रण वापरून पाहिलें. पुढें तांब्याचा अंश जमिनींत सांचूं लागला तेव्हां पाऱ्याचीं विषारी द्रव्यें आलीं.

१९१६ पासून सरकारी शेतकी खात्याचे पायपर व ओकली हे शास्त्रज्ञ वॉशिंग्टनसमोरील आर्लिंग्टन येथें गवतांचे वाफे लावून त्यांची परीक्षा करीत होते. ती जागा एके काळीं सेनापति रॉबर्ट ली याच्या घराण्याच्या इस्टेटीपैकीं होती. पुढें पेंटागॉनच्या बांधकामानें ती गिळली. असो. या सर्व खटपटींतून पीडमॉण्टला जीं गवतें लाभलीं त्यांपैकीं दोन मुख्य. पहिलें केंटकी-३१ हें फेस्क्यू. १९३१ सालीं केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक फर्गस यांनीं एका शेतकऱ्याच्या डोंगरउतारावर, आजूबाजूचें सारें वाळलें असतां हिरवें राहिलेलें गवत पाहिलें व त्याचें बीं नेलें. १९४३ मध्यें तें सर्वांस खुलें झालें. त्याच्या मुळ्या खोल जातात, चिकण मातींतहि तें शिरतें. गुरांना मात्र त्यानें रोग होऊं लागले. पानांच्या आंत राहणारी एक बुरशी त्याचें कारण आहे, असें १९७७ मध्यें जॉर्जियांतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें. गमतीची गोष्ट अशी, कीं तीच बुरशी कांहीं किडींनाहि बाधते. म्हणून गाईला वर्ज्य तें हिरवळीला पथ्यकर ठरलें.

दुसरें गवत ऐकून वाचकांस मौज वाटेल. त्याला तेथें बर्म्युडा गवत म्हणतात. पण तें बर्म्युडा बेटाचें मुळींच नव्हे. ती आपली हरळी, गणपतीची दूर्वा. अठराव्या शतकांत ती अमेरिकेच्या दक्षिणेंत पोंचली, आणि कापसाचे शेतकरी तिला तसेच शिव्या देऊं लागले जसे आपल्याकडील शेतकरी देतात. नांगरानें तोडावी तितकी ती कांड्याकांड्यांतून फुटते. १९३६ सालीं ग्लेन बर्टन हे जॉर्जियांतील टिफ्टन येथें आले, आणि शेतकऱ्याच्या या वैऱ्यालाच त्यांनीं हाताशीं धरलें. जुन्या कापसाच्या शेतांत सांपडलेल्या एका जोमदार हरळीचा दक्षिण आफ्रिकेंतील हरळीशीं संकर करून त्यांनीं १९४३ मध्यें गुरांसाठीं एक वाण दिला. नंतर हिरवळीसाठीं १९५६ मध्यें टिफग्रीन आणि १९६० मध्यें टिफवे हे बारीक पात्यांचे वाण दिले. हे वाण वांझ आहेत. त्यांना बीं येत नाहीं, कांड्याच लावाव्या लागतात. याच बर्टन यांनीं टिफ्टनमध्यें बाजरीवरहि काम केलें. त्यांनीं काढलेली पुंवंध्य बाजरी हिंदुस्थानांत आली, आणि तिच्यापासून लुधियाना येथें अठवाल यांनीं केलेला एच. बी. १ हा पहिला संकरित वाण १९६५ सालीं प्रसारित झाला. पुढें त्या पिढीच्या संकरित बाजरीवर गोसावी रोगाचा मोठा घाला पडला, तो इतिहास निराळा. परंतु एकाच माणसाच्या हातून अटलांटाच्या बंगल्यापुढील शोभा आणि आमच्या कोरडवाहू शेतांतील भाकरी या दोहोंना वळण लागावें, याची नोंद करावीशी वाटते.

आतां पत्रकांतील वर्षाचा अर्थ लागतो. फेस्क्यूवाल्याचें वर्ष सप्टेंबरांत सुरू होतें: ऊन उतरलें कीं भोकें पाडावयाचीं, बीं पेरावयाचें, आणि नोव्हेंबरपर्यंत खत द्यावयाचें, म्हणजे मुळ्यांना थंडीचे महिने मिळतात. मार्चमध्यें, फोर्सिथियाचीं पिवळीं फुलें येतात त्या सुमारास, तणाचें बीं रुजूं नये म्हणून औषध. उन्हाळ्यांत गवत तीनचार इंच उंच ठेवावयाचें, खत बंद, आणि पाणी एकदम न देतां दोनतीन वेळां थांबून द्यावयाचें, कारण चिकण माती तें भराभर पीत नाहीं. हरळीवाल्याचें वर्ष याच्या नेमकें उलट: खत मे ते ऑगस्ट, कापणी बुडाशीं, आणि हिंवाळ्यांत पिंगट अंगण पाहून स्वस्थ बसणें. हुमणीची धास्ती मात्र दोघांनाहि. जपानांतून आलेला तिचा भुंगा १९१६ सालीं न्यू जर्सींत प्रथम आढळला, आणि मुळ्या खाण्यांत ती कोणत्याहि गवताचा भेदभाव करीत नाहीं.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला. पूर्वीं हिरवळीच्या बियाण्यांत पांढरें क्लोव्हर मिसळीत असत. तें मेथीघासाच्या कुळांतील; हवेंतील नत्र धरून शेजारच्या गवताला पुरवणारें. १९४५ सालीं २-४-डी हें तणनाशक बाजारांत आलें. तें रुंद पानाचें सारें मारतें व गवत तेवढें ठेवतें. त्याबरोबर क्लोव्हरहि गेलें. मग त्याला तण म्हणूं लागले, आणि तें जें फुकट देत होतें तें नत्र पोत्यांतून विकत आणावें लागलें. नत्राच्या खतानें माती पुन्हा आम्ल होते, तिच्यासाठीं पुन्हा चुना. व्यापाराच्या दृष्टीनें यापेक्षां सोयीची व्यवस्था कोणाला सुचली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

२००७ सालीं जॉर्जियांत भयंकर अवर्षण पडलें. अटलांटाला पाणी पुरविणारा लेनियर जलाशय आटत चालला, आणि सप्टेंबरांत, म्हणजे नेमक्या पेरणीच्या हंगामांत, संस्थानाच्या उत्तर भागांत घराबाहेर पाणी शिंपण्यास जवळजवळ पूर्ण बंदी झाली. नोव्हेंबरांत गव्हर्नर सॉनी पर्ड्यू यांनीं राजधानींतील सभागृहाच्या पायऱ्यांवर लोकांसह पावसासाठीं प्रार्थना केली. देवाला पाण्यांत ठेवणाऱ्या आमच्या खेडुतांस त्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. दोन वर्षांनीं, २००९ च्या सप्टेंबरांत, त्याच अटलांटाभोंवतीं इतका पाऊस कोसळला, कीं ओढ्यानाल्यांचे पूर घरांत शिरले व माणसें दगावलीं. पेरणीचा महिना तोच आणि माती तीच. अशा पावसांत नव्यानें टाकलेलें फेस्क्यूचें बीं उतारावर टिकत नाहीं. तें तांबड्या पाण्याबरोबर रस्त्याच्या गटारांत जातें आणि घरमालकाला पुन्हा दुकान गांठावें लागतें. हरळी अवर्षणांत पिंगट होऊन पडून राहते, आणि ओल मिळाली कीं कांड्यांतून पुन्हा फुटते.